इटालियनमधील लघू-गुरू : शब्द कुठे तुटतो, आघात कुठे पडतो

इटालियन भाषा जशी लिहितात तशीच उच्चारतात, असे आपण नेहमी ऐकतो. भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर हे वाक्य हमखास असते आणि इंग्रजी स्पेलिंगने गांजलेल्या माणसाला ते वाचून हायसे वाटते. वाक्य बऱ्याच अंशी खरेही आहे. कोणत्या चिन्हाचा कोणता ध्वनी, हे इटालियनमध्ये जवळजवळ ठरलेले आहे. मात्र शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा, हे ती भाषा बहुतेक वेळा लिहीतच नाही. आणि अर्थ पुष्कळदा त्या जोरावरच अवलंबून असतो.

सी, ए, पी, आय, टी, ए, एन, ओ अशा आठ रोमन चिन्हांनी लिहिलेला एक शब्द घेऊ. जोर पहिल्या अक्षरावर दिला, ‘ˈका-पी-ता-नो’ म्हटले, तर अर्थ होतो ‘(अशा गोष्टी) घडतात’. तिसऱ्यावर दिला, ‘का-पी-ˈता-नो’ म्हटले, तर तो जहाजाचा किंवा संघाचा कप्तान. ‘ˈआं-को-रा’ म्हणजे जहाजाचा नांगर, ‘आं-ˈको-रा’ म्हणजे ‘अजून’. ‘ˈप्रिन्-ची-पी’ हे राजपुत्र, ‘प्रिन्-ˈची-पी’ ही तत्त्वे. ‘ˈसू-बी-तो’ म्हणजे ताबडतोब, ‘सू-ˈबी-तो’ म्हणजे सोसलेले. या जोड्या छापील पानावर अगदी एकसारख्या दिसतात. इटालियन वाचक संदर्भाने ओळखतो. परक्याला कोश उघडावा लागतो.

मी इटालियन कोणत्याही विद्यापीठात शिकलेलो नाही. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मिळालेले एक व्याकरण, एक जाडजूड शब्दकोश आणि रात्री ऐकलेला इटालियन रेडिओ, एवढ्यावर गेली वीसेक वर्षे हा अभ्यास चालू आहे. या वर्षांत एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली. इटालियन आघाताचे कोडे सोडवायला लागणारी किल्ली मराठी वाचकाच्या खिशात आधीपासून आहे. शाळेत कवितेच्या ओळींवर आपण ज्या लघू-गुरूच्या खुणा करत होतो, तीच ही किल्ली. ती कशी लागू पडते, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवातीला दोन खुलासे. इथे ‘अक्षर’ म्हणजे एका स्वराभोवती बांधलेला उच्चाराचा तुकडा. लिपीतले अक्षर नव्हे. अक्षरे मी जोडरेघेने तोडली आहेत आणि ज्या अक्षरावर आघात आहे त्याच्या आधी छोटी उभी रेघ (ˈ) घातली आहे. देवनागरीतल्या ह्रस्व-दीर्घ वेलांट्या-उकारांवरून इटालियन स्वराची लांबी ठरवू नये. लांबीबद्दल पुढे वेगळे बोलायचेच आहे.

छाटलेले, सपाट आणि घसरते शब्द

आघाताच्या जागेवरून इटालियन वैयाकरणांनी शब्दांचे गट पाडले आहेत आणि त्यांना दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. शेवटच्या अक्षरावर आघात असेल तर शब्द ‘त्रोंका’, म्हणजे छाटलेला : ‘चित्-ˈता’ (शहर), ‘वीर्-ˈतू’ (सद्गुण), ‘काफ्-ˈफे’ (कॉफी). उपांत्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावर असेल तर ‘प्याना’, सपाट : ‘ˈका-सा’ (घर), ‘आ-ˈमी-को’ (मित्र), ‘पा-ˈरो-ला’ (शब्द). बहुसंख्य इटालियन शब्द याच गटातले. शेवटून तिसऱ्या अक्षरावर असेल तर ‘झ्द्रुच्चोला’, म्हणजे घसरणारा : ‘ˈता-वो-ला’ (जेवणाचे टेबल), ‘ˈपो-पो-लो’ (लोक), ‘ते-ˈले-फो-नो’. आघाताच्या उंचवट्यावरून शब्द खाली घसरत जातो, म्हणून हे नाव. चौथ्यावर असेल तर ‘बिझ्द्रुच्चोला’, दुप्पट घसरणारा : ‘ते-ˈले-फो-ना-नो’ (ते फोन करतात). आज्ञार्थी क्रियापदाला सर्वनामे चिकटली की आघात आणखी एक पायरी मागे राहू शकतो : ‘को-ˈमू-नी-का-मे-लो’ (ते मला कळव).

गावांची नावे हा सरावाचा उत्तम मार्ग आहे. ‘मी-ˈला-नो’, ‘तो-ˈरी-नो’, ‘वे-ˈरो-ना’, ‘पा-ˈलेर्-मो’ ही सपाट. ‘ˈना-पो-ली’, ‘ˈजे-नो-वा’, ‘ˈमो-दे-ना’, ‘ˈरी-मी-नी’, ‘ˈबेर्-गा-मो’ ही घसरणारी. ‘फोर्-ˈली’ आणि ‘चे-फा-ˈलू’ ही छाटलेली.

लेखनाचा नियम एवढाच, की एकाहून अधिक अक्षरांचा शब्द छाटलेला असेल तर शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह द्यायलाच हवे. ते चुकले तर काळ आणि कर्ताही बदलतात : ‘ˈपार्-लो’ म्हणजे मी बोलतो, ‘पार्-ˈलो’ म्हणजे तो बोलला. याखेरीज ‘आहे’ आणि ‘आणि’ या अर्थांच्या दोन ‘ए’सारख्या मोजक्या एकाक्षरी शब्दांना ओळखीसाठी चिन्ह मिळते. इतरत्र चिन्ह देणे ऐच्छिक, आणि व्यवहारात ते क्वचितच दिले जाते. म्हणजे सपाट आणि घसरणारा हा फरक वाचकावरच सोपवलेला असतो.

लॅटिनचा तराजू

‘मी-ˈला-नो’ सपाट आणि ‘ˈमो-दे-ना’ घसरणारे, असे का? आजच्या इटालियनमध्ये याचे उत्तर नाही. ते तिच्या आईकडे, लॅटिनकडे, आहे.

अभिजात लॅटिनमध्ये आघाताचा नियम एका वाक्यात सांगता येत असे. उपांत्य अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर. ते लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. दोन अक्षरी शब्दात अर्थातच पहिल्यावर. आणि गुरू कशाला म्हणायचे? ज्यातला स्वर दीर्घ आहे ते, किंवा ज्याच्यामागून दोन व्यंजने येतात ते. मराठी वाचकाला हे नव्याने शिकवायला नको. दीर्घ स्वराचे अक्षर गुरू आणि जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, हेच तर आपले छंदशास्त्र सांगते. रोमन आणि भारतीय पंडितांनी अक्षराचे वजन एकाच तराजूत मोजले. आपल्याकडे तो तराजू वृत्तासाठी वापरला गेला, तिकडे वृत्तासाठी आणि आघातासाठीही.

आता उदाहरणे पाहा. ‘अमीकुस’मधला ‘मी’ दीर्घ, म्हणून आघात त्याच्यावर, आणि इटालियन ‘आ-ˈमी-को’. ‘ताबुला’मधला ‘बु’ ऱ्हस्व आणि मोकळा, म्हणून आघात मागे सरकून ‘ता’वर, आणि इटालियन ‘ˈता-वो-ला’. ‘मोमेंतुम’मध्ये ‘मे’नंतर दोन व्यंजने, म्हणून ‘मो-ˈमेन्-तो’. मिलानचे जुने नाव ‘मेदिओलानुम’. त्यातला ‘ला’ दीर्घ. मोदेनाचे ‘मुतिना’, त्यातला ‘ति’ ऱ्हस्व. दोन्ही शहरे आपापला आघात दोन हजार वर्षे सांभाळून आहेत.

क्रियापदांचेही तसेच. ‘पाहणे’ म्हणजे ‘वे-ˈदे-रे’, पण ‘वाचणे’ म्हणजे ‘ˈलेज्-जे-रे’. दोघांचा शेवट सारखा दिसतो. लॅटिनमध्ये मात्र पहिल्यातला उपांत्य ‘ए’ दीर्घ होता आणि दुसऱ्यातला ऱ्हस्व.

छाटलेले शब्द लॅटिनमध्ये जवळजवळ नव्हतेच. ते नंतर खरोखर छाटून झाले. ‘नागरिकत्व, नगर’ अशा अर्थाच्या ‘सिविताटेम’मधून ‘चित्-ˈता-दे’ झाले, मग शेवटचे ‘दे’ गळाले आणि ‘चित्-ˈता’ उरले. आघात होता तिथेच राहिला. त्याच्या पुढची जमीन खचली, म्हणून तो काठावर आला. ‘त्रोंका’ हे नाव इतिहासाच्या दृष्टीनेही अचूक आहे.

यानंतर घडले ते असे, की रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात बोलीभाषेतून स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाहीसा झाला. तराजू मोडला, पण त्याने तोलून ठेवलेला आघात ज्या त्या जागी कायम राहिला. पूर्वी जे नियमाने कळत होते ते आता पाठ करायची वेळ आली.

उलटलेले नाते

पण गोष्ट इथे संपत नाही. मोडलेला तराजू इटालियनने वेगळ्या रीतीने पुन्हा उभा केला. लॅटिनमध्ये गुरू अक्षर आघात खेचून घेत होते. इटालियनमध्ये आघात ज्या अक्षरावर पडतो त्यालाच गुरू करून टाकतो. सबंध विषयाचा गाभा मला इथे सापडला.

आघाताचे अक्षर मोकळे असेल, म्हणजे स्वरावर संपत असेल, तर तो स्वर लांबतो : ‘काऽ-सा’, घर. अक्षर व्यंजनाने बंद होत असेल तर स्वर आखूडच राहतो आणि वजन व्यंजन पेलते : ‘कास्-सा’, पेटी किंवा दुकानातला गल्ला. ‘पाऽ-ला’ म्हणजे फावडे, ‘पाल्-ला’ म्हणजे चेंडू. ‘नोऽ-नो’ म्हणजे नववा, ‘नोन्-नो’ म्हणजे आजोबा. ‘सेऽ-ते’ म्हणजे तहान, ‘सेत्-ते’ म्हणजे सात. स्वराची ही लांबी उपांत्य अक्षरात सर्वांत स्पष्ट ऐकू येते, त्याच्या मागच्या अक्षरात थोडी कमी. पण तत्त्व एकच : एक तर स्वर लांब, नाही तर व्यंजन दुप्पट.

आपल्या ‘पाला’ आणि ‘पल्ला’ या शब्दांत हेच नाते नाही का? झाडाचा पाला म्हणताना स्वर ताणला जातो, लांबचा पल्ला म्हणताना जीभ ‘ल’वर थांबते. हा योगायोग वरवरचा नाही. संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ झाले आणि मराठीत ‘सात’. ‘अष्ट’चे ‘अट्ठ’, मग ‘आठ’. ‘भक्त’ (शिजवलेले अन्न) याचे ‘भत्त’, मग ‘भात’. आता लॅटिन-इटालियन जोड्या पाहा : ‘सेप्तेम’चे ‘सेत्ते’, ‘ओक्तो’चे ‘ओत्तो’, ‘लाक्तेम’चे ‘लात्ते’ (दूध; कॉफीच्या दुकानात मागतात तेच). विजातीय जोडाक्षराचे सजातीय द्वित्व करायचे, ही प्राकृताची आणि इटालियनची सारखीच खोड. इटालियन त्या पायरीवर थांबली. मराठीने पुढची पायरी घेतली : द्वित्व सोडले आणि भरपाई म्हणून स्वर लांबवला. वजन मात्र कुणीच हातचे जाऊ दिले नाही.

हे साम्य पाहणारा पहिला इटालियन आपल्याच किनाऱ्यावर वावरला होता. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. इथून लिहिलेल्या एका पत्रात त्याने नोंदवले, की या देशाच्या पंडितांच्या भाषेत आमच्यासारखे पुष्कळ शब्द आहेत. आणि दाखले म्हणून सहा ते नऊ हे अंक, देव आणि सर्प हे शब्द दिले. इटालियनमध्ये देव म्हणजे ‘दीओ’, साप म्हणजे ‘सेर्पे’. विल्यम जोन्सच्या १७८६ मधील कलकत्त्याच्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची ही नोंद. मजा अशी, की सास्सेत्ती हिंदुस्थानात पोहोचला त्याच १५८३ साली त्याच्या फ्लॉरेन्समध्ये ‘अकाडेमिया देल्ला क्रुस्का’ ही भाषासंस्था स्थापन झाली. ‘क्रुस्का’ म्हणजे कोंडा. कोंडा चाळून भाषेचे शुद्ध पीठ वेगळे करायचे, ही त्यांची कल्पना. त्यांचा पहिला कोश १६१२ मध्ये निघाला.

शब्द कुठे तोडायचा

आघात समजायचा तर अक्षर मोकळे की बंद हे कळले पाहिजे, आणि त्यासाठी शब्द नीट तोडता आला पाहिजे. नियम थोडे आहेत. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते : ‘का-सा’. द्वित्व मधोमध तुटते : ‘पाल्-ला’. ‘ल, म, न, र’ यांच्यानंतर दुसरे व्यंजन आले तर तेही तुटतात : ‘आल्-तो’ (उंच), ‘काम्-पो’ (शेत), ‘पार्-ते’ (भाग). पण ‘प, ब, त, द, क, ग, फ, व’ यांच्यानंतर ‘र’ किंवा ‘ल’ आला तर जोडी अखंड पुढे जाते : ‘ली-ब्रो’ (पुस्तक), ‘आ-प्री-ले’ (एप्रिल). एकाच ध्वनीसाठी दोन-तीन चिन्हे असतील तर ती फोडत नाहीत : ‘बा-न्यो’ (स्नान).

खरा वाद आहे तो ‘स’चा. इटालियन शाळेत मुलांना शिकवतात, की ‘स’नंतर व्यंजन आले तर दोन्ही पुढे न्यायची : ‘पा-स्ता’, ‘फे-स्ता’ (सण), ‘वे-स्पा’ (गांधीलमाशी, आणि अर्थातच स्कूटर). ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर असाच तोडतात. कान मात्र निराळे सांगतो. ‘पास्ता’तला पहिला स्वर ‘काऽसा’सारखा लांबत नाही, आखूड राहतो. म्हणजे ते अक्षर बंद आहे. उच्चारात तो ‘पास्-ता’ आहे. आणखी एक पुरावा उपपदाचा. पुल्लिंगी नामाआधी साधारणपणे ‘इल’ येते : ‘इल सिन्योरे’ (गृहस्थ). पण ‘स’ आणि व्यंजनाने सुरू होणाऱ्या नामाआधी ‘लो’ येते : ‘लो स्तुदेन्ते’ (विद्यार्थी). या ‘स’ला टेकायला मागे स्वर हवा असतो, म्हणून भाषा त्याची सोय करते. जुने वैयाकरण याला ‘अशुद्ध स’ म्हणत.

देवनागरी लिहिणाऱ्याला हा घोटाळा परका वाटू नये. आपणही ‘सत्ता’ हा शब्द ‘स’ आणि ‘त्ता’ असा लिहितो, पण उच्चारतो ‘सत्-ता’. लिपी जोडाक्षर अखंड पुढे ढकलते; छंदशास्त्र मात्र ‘स’ला गुरू ठरवून सांगते, की पहिला ‘त्’ उच्चारात मागेच राहिला आहे. इतकेच नाही, तर मराठी छंदशास्त्राने एक बारीक अटही घातली : मागच्या अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू. म्हणून ‘सत्य’मधला ‘स’ गुरू आणि ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघू. इटालियन शाळा आणि इटालियन कान यांच्यात ‘पास्ता’वरून जो वाद आहे, तो आपल्याकडे या एका अटीत मिटवून ठेवला आहे.

मारिया आणि मारिओ

दोन स्वर शेजारी आले की ते एका अक्षरात मिसळतात की वेगळे राहतात, हेही आघातच ठरवतो. ‘इ’ आणि ‘उ’ हे दुबळे स्वर. आघात नसेल तर ते शेजारच्या स्वरात विरघळून ‘य’ आणि ‘व’सारखे होतात, आघात असेल तर स्वतंत्र उभे राहतात. म्हणून मुलीचे नाव ‘मा-ˈरी-आ’ तीन अक्षरी, पण मुलाचे ‘ˈमा-र्यो’ दोनच अक्षरी. ‘पित्-से-ˈरी-आ’मध्ये शेवटी दोन अक्षरे, पण आपण तीन अक्षरांत म्हणतो तो ‘माफिया’ तिकडे ‘ˈमा-फ्या’ असा दोन अक्षरी. आपला तीन अक्षरी ‘पियानो’ही मुळात ‘ˈप्या-नो’. ‘पा-ˈए-से’ (देश, गाव) आणि ‘पो-ˈए-ता’ (कवी) यांत दोन्ही स्वर सबळ आहेत, म्हणून ते मिसळत नाहीत. आणि ‘च्याओ’सारखा लिहिलेला निरोपाचा शब्द प्रत्यक्षात ‘चाओ’ असा एकाच झटक्याचा. त्यातली ‘आय’ ही फक्त ‘क’चा ‘च’ करण्यापुरती उभी आहे.

शेवटच्या अक्षराचा शेजारधर्म

आघात अक्षराला गुरू करतो, हे तत्त्व छाटलेल्या शब्दांवर अडते. ‘चित्-ˈता’मधला शेवटचा ‘आ’ आघाताचा आहे, पण शब्दाच्या टोकाचा स्वर इटालियनमध्ये लांबत नाही. मग वजन आणायचे कुठून? तोस्काना, रोम आणि दक्षिणेकडचे लोक ते शेजाऱ्याकडून आणतात. पुढच्या शब्दाचे पहिले व्यंजन दुप्पट करून त्याचा अर्धा भाग मागच्या अक्षराला देतात : ‘चित्ता बेल्ला’ (सुंदर शहर) हे बोलताना ‘चित्ताब्बेल्ला’ होते. उत्तरेकडे ही सवय नाही. तिथल्या बोलीत द्वित्व मुळातच सैल. विशेषतः व्हेनिसच्या परिसरात.

हा शेजारधर्म काही शब्दांत लेखनातही गोठला आहे. ‘दा’ आणि ‘वेरो’ मिळून ‘दाव्वेरो’ (खरोखर), ‘कोझी’ आणि ‘देत्तो’ मिळून ‘कोझिद्देत्तो’ (तथाकथित). ‘मला सांग’ हे ‘दिम्मी’ होते, ‘दिमी’ नाही. या द्वित्वांना शब्दाच्या मुळात आधार नाही. वजनाचा हिशेब पुरा करण्यासाठी ती आली.

अकरा म्हणजे दहा, अकरा किंवा बारा

हा हिशेब कवितेत सर्वांत उघड दिसतो. इटालियन काव्याचा राजमार्ग म्हणजे ‘एन्देकासिल्लाबो’, अकरा अक्षरांची ओळ. दान्तेच्या ‘दिव्य कॉमेडी’च्या १४,२३३ ओळी याच वृत्तातल्या. पण मोजायला बसलो तर काही ओळी दहा अक्षरी निघतात, काही बारा. दोष कवीचा नाही. या वृत्ताची खरी अट अशी, की शेवटचा आघात दहाव्या अक्षरावर पडला पाहिजे. ओळीचा शेवटचा शब्द सपाट असेल तर त्यानंतर एक अक्षर उरते आणि अकरा भरतात. तो छाटलेला असेल तर दहातच ओळ संपते, घसरणारा असेल तर बारा होतात. तिन्ही ओळी ‘अकरा’च मानल्या जातात. शिवाय एक शब्द स्वराने संपून पुढचा स्वराने सुरू झाला, तर दोन्ही मिळून सहसा एकच अक्षर धरतात.

आपल्या अक्षरगणवृत्तात ओळीची अक्षरे आणि त्यांचा लघू-गुरू क्रम दोन्ही बांधलेले असतात. तिकडे शेवटचा आघात बांधलेला, आणि आतले आघात काही ठरावीक जागांमध्ये मोकळे. सॉनेट हा चौदा ओळींचा प्रकार तेराव्या शतकात सिसिलीत, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात, जाकोमो दा लेन्तिनी या कवीच्या हातून आकाराला आला, तो याच अकरा अक्षरांत. केशवसुतांनी तो मराठीत आणला आणि पुढे तो ‘सुनीत’ झाला, तेव्हा मराठी कवींना शार्दूलविक्रीडितासारखी गुरू अक्षरांनी भारलेली वृत्ते जवळची वाटली. आघाताने मोजणारी चीज लघू-गुरूने मोजणाऱ्या घरात आली, एवढाच तो बदल.

अंदाज कसा बांधावा

नव्या शब्दापुढे उभे राहिल्यावर मी तीन पायऱ्या वापरतो. शेवटी चिन्ह असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर उपांत्य अक्षर पाहावे; ते बंद असेल तर आघात जवळजवळ नेहमी तिथेच : ‘फी-ˈरेन्-त्से’ (फ्लॉरेन्स), ‘मो-ˈमेन्-तो’. अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे : ‘ˈता-रान्-तो’ आणि ‘ˈओ-त्रान्-तो’ ही दक्षिणेतली गावे, ‘ˈमान्-दोर्-ला’ (बदाम). उपांत्य अक्षर मोकळे असेल तेव्हाच खरी शंका. तिथे प्रत्यय मदतीला येतात. तमभावाचा ‘-इस्सिमो’ आणि ‘योग्य’ या अर्थाचा ‘-आबिले’ नेहमी घसरतात. ‘-ईनो’ सहसा सपाट. ‘-इको’ बहुधा घसरणारा : ‘ˈमू-सी-का’, ‘पो-ˈली-ती-का’. पण ‘आ-ˈमी-को’ आणि ‘आन्-ˈती-को’ (प्राचीन) सपाट, कारण त्यांचा ‘ई’ लॅटिनमध्ये दीर्घ होता.

उरलेल्या ठिकाणी कोश. यात कमीपणा काहीच नाही. इटालियन माणसेही या शब्दांवर अडखळतात. ‘सदर’ किंवा ‘पत्त्यांची वही’ या अर्थाचा शब्द ‘रू-ˈब्री-का’ असा सपाट, पण ‘ˈरू-ब्री-का’ म्हणणारे पुष्कळ. ‘बांधकामविषयक’ हा ‘ए-ˈदी-ले’. ‘ˈए-दी-ले’ सर्रास ऐकू येतो. इटालियन नभोवाणीने निवेदकांसाठी १९३९ मध्ये आणि पुढे १९६९ मध्ये उच्चारकोशच काढले. १९६९ चा कोश मिल्योरीनी, ताल्याव्हीनी आणि फ्योरेल्ली या तिघा विद्वानांचा. ज्या भाषेबद्दल ‘लिहितात तशी बोलतात’ म्हणतात, तिला शब्दामागून शब्द आघात सांगणारा कोश लागतो, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या पानावरची इटालियन नावे

हा सगळा अभ्यास मराठी माणसाने कशाला करावा, असे मला विचारतात. एक उत्तर इतिहासाचे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान इटलीत लढले. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या कथा आपण मराठीत लिहितो, पण नद्यांची नावे इंग्रजी नकाशावरून उचलतो. ‘टायबर’ म्हणजे तिथल्या लोकांची ‘ˈते-वे-रे’; लॅटिन ‘तिबेरिम’मधला मधला स्वर ऱ्हस्व, म्हणून आघात पहिल्यावर. ‘सेनिओ’ म्हणजे ‘ˈसे-न्यो’, दोनच अक्षरांची. आपली माणसे जिथे पडली त्या जागेचे नाव तिथल्या माणसाला ओळखू येईल असे म्हणता यावे, ही अपेक्षा मोठी नाही.

दुसरे उत्तर आपल्या लिपीचे. द्वित्व आणि जोडस्वर दाखवण्याची सोय रोमन लिपीपेक्षा देवनागरीत चांगली आहे, तरी आपण इटालियन नावे इंग्रजी गाळणीतून घेतो. ‘बोकॅशिओ’ऐवजी ‘बोक्काच्चो’, ‘बॉटिसेली’ऐवजी ‘बोत्तिचेल्ली’ लिहायला काहीच अडचण नाही. द्वित्व लिहिले की अक्षर बंद आहे हे दिसते, आणि ते उपांत्य असेल तर आघातही आपोआप कळतो. उरतात ती घसरणारी नावे : ‘ˈमे-दी-ची’ घराणे, ‘मी-के-ˈलान्-जे-लो’ शिल्पकार, ‘ˈचे-सा-रे’. कोशांनी आणि अनुवादकांनी नाव पहिल्यांदा येईल तिथे एक उभी रेघ घातली तरी काम भागेल.

तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकतो, गण पाडतो आणि परीक्षा झाली की विसरतो. लघू-गुरू म्हणजे जुन्या कवितेचे निरुपयोगी गणित, असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात ते अक्षराचे वजन मोजण्याचे शास्त्र आहे. ‘सप्त’चे ‘सात’ का झाले हे त्याने कळते, आणि दूरच्या देशात ‘कासा’ म्हणजे घर व ‘कास्सा’ म्हणजे गल्ला का, हेही त्यानेच कळते. वर्गात वृत्त शिकवताना शिक्षकांनी एकदा फळ्यावर ‘पाला’ आणि ‘पल्ला’ लिहावे, शेजारी इटालियन फावडे आणि चेंडू लिहावेत, आणि मुलांना मोठ्याने म्हणायला सांगावे. गुरू म्हणजे काय, हे व्याख्येशिवाय त्यांच्या कानाला समजेल.